मोफत शैक्षणिक साधने : यादी नको, वापर सांगा

खडूफळा (धागालेखिका)

धाग्याचा हेतू आधीच स्पष्ट करते. इंटरनेटवरील मोफत शैक्षणिक साधनांच्या याद्या आपल्यापैकी बहुतेकांकडे असतील. माझ्याकडे तर अशा याद्यांचीही एक यादी आहे, आणि तिच्यातील बहुसंख्य दुव्यांवर मी जेमतेम एकदा जाऊन आले आहे. २००१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटीने) आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली, तेव्हा ती नवलाची बातमी होती. आज त्या एकाच संकेतस्थळावर अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रम आहेत. शिवाय खान अकॅडमी, ओपनस्टॅक्स, प्रोजेक्ट गुटेनबर्ग, इंटरनेट अर्काइव्ह, जिओजेब्रा, स्क्रॅच अशी नावे घेत गेले तर ओळ संपणार नाही. टंचाई साहित्याची उरलेली नाही. तरीही ‘हे संकेतस्थळ फार छान आहे, जरूर पाहा’ असे म्हणून विद्यार्थ्यांना दुवा पाठवावा आणि पुढच्या आठवड्यात त्याबद्दल विचारावे, तर वर्गात जी शांतता पसरते ती येथील शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येकाने एकाच साधनाबद्दल लिहावे. ते कोणासाठी वापरले, शिकणाऱ्याकडून नेमके काय करून घेतले आणि कोठे फसले, एवढेच सांगावे. सुरुवात मी करते.

कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञांनी नोबेल पारितोषिक मिळाल्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे २००२ साली, कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावरील आभासी प्रयोगांचा, प्रकल्प सुरू केला. त्यातील विद्युत परिपथ जोडण्याचे सिम्युलेशन मी वापरते. पडद्यावर बॅटरी, तारा, दिवे आणि स्विच असतात. ते ओढून जोडले की तारांमधून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. पहिल्या वर्षी मी ते मोठ्या पडद्यावर स्वतः चालवून दाखवले. मुलांना मजा वाटली. बॅटरीची दोन टोके थेट तारेने जोडली की ती पेट घेते, हे तर त्यांना फारच आवडले. मात्र चाचणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की, एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेल्या दोन दिव्यांपैकी बॅटरीजवळचा दिवा जास्त उजळतो, कारण तो वीज आधी वापरून टाकतो. ठिपके त्यांनी पाहिले होते, पण त्या ठिपक्यांनी त्यांच्या मनातल्या समजुतीला धक्कासुद्धा लावला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. सिम्युलेशन उघडण्यापूर्वी प्रत्येकाला कागदावर परिपथ काढायला लावला : ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक दिवा. त्यातून ०.९ अँपिअर धारा जाते, हे आम्ही मिळून काढले. मग तसाच दुसरा दिवा एकसरीत जोडला तर पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि दुसऱ्या दिव्यानंतर धारा मोजणारा अ‍ॅमीटर काय दाखवील, हे तीन आकडे लिहायला सांगितले. खोडरबर वापरायला बंदी होती. बहुतेकांनी उतरते आकडे लिहिले. एका मुलीने ०.९, ०.४५ आणि शून्य असे लिहिले. त्यानंतर त्यांनी जोड्याजोड्यांनी परिपथ जोडून अ‍ॅमीटर फिरवला आणि तिन्ही ठिकाणी ०.४५ आले. त्या मुलीने अ‍ॅमीटर बिघडला असल्याची रीतसर तक्रार केली, बॅटरी उलटी करून पाहिली, तरीही आकडा तोच. मग ती स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे धारा संपतच नाही, दुसरा दिवा आला की सगळीकडूनच कमी होते.” हे वाक्य मी पहिल्या वर्षी किमान पाच वेळा फळ्यावर लिहिले होते.

साधन तेच होते आणि मुलेही साधारण तशीच होती. आता आपले अनुभव येऊ द्यावेत.

रात्रपाळी

मी शिक्षक नाही. नोकरी सांभाळून, केवळ कुतूहलापोटी शिकणारा माणूस आहे, त्यामुळे माझ्याकडून काही करून घेणारे कोणी नसते. एमआयटीचा ‘लिनिअर अल्जिब्रा’ (रेषीय बीजगणित) हा अभ्यासक्रम मी तीनदा सुरू केला. शिकवणारे गिल्बर्ट स्ट्रँग, क्रमांक १८.०६. व्याख्याने इतकी प्रसन्न आहेत की पहिल्या खेपेस मी ती जेवताना पाहत असे, आणि दहाव्या-बाराव्या व्याख्यानापर्यंत सर्व काही समजत असल्याची माझी पक्की खात्री होती. त्यानंतर एका साध्या उदाहरणाला हात घातला आणि पहिली पायरीही सुचली नाही. दुसरी खेप त्याच चुकीची पुनरावृत्ती होती, म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही.

तिसऱ्या खेपेस मी पहिल्याच व्याख्यानावर एक आठवडा थांबलो. त्यात दोन समीकरणे आहेत : २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. शाळेत शिकल्याप्रमाणे या दोन रेषा काढल्या की त्या (१, २) या बिंदूत छेदतात, आणि येथवर नवे काही नाही. स्ट्रँग मात्र त्याच समीकरणांकडे उभ्या स्तंभांतून पाहायला लावतात : (२, −१) हा एक बाण आणि (−१, २) हा दुसरा, तर पहिला किती वेळा व दुसरा किती वेळा घेतला म्हणजे (०, ३) येथे पोहोचता येईल? पहिला एकदा आणि दुसरा दोनदा. उत्तर तेच, पण प्रश्न पार बदललेला. मी व्हिडिओ बंद केला, चौकटीच्या कागदावर ते बाण काढले आणि मग उजवीकडचे आकडे बदलून वीसएक उदाहरणे स्वतः रचली. दोन बाण एकाच दिशेचे घेतले तेव्हा बहुतेक ठिकाणी पोहोचताच येईना, आणि पुढील कित्येक व्याख्याने ज्या गोष्टीभोवती फिरतात ती गोष्ट मला त्या कागदावर अनपेक्षितपणे भेटली.

याच अभ्यासक्रमाची स्वयंअध्ययनासाठी केलेली वेगळी आवृत्ती तेथेच आहे. तिच्या क्रमांकापुढे ‘एससी’ ही अक्षरे असतात, आणि तिच्यात उदाहरणे व त्यांची उत्तरे व्याख्यानानुसार लावून दिलेली आहेत. एकट्याने शिकणाऱ्याने तीच घ्यावी. प्रमाणपत्र मिळत नाही, आणि माझ्या मते ते बरेच आहे, कारण प्रमाणपत्राच्या घाईत मी तो आठवडा त्या दोन समीकरणांवर घालवला नसता.

अर्धविराम

खडूफळा मॅडम, आपण विचारलेल्या प्रश्नाला थोडी बगल देऊन एक मुद्दा मांडते, कारण तो शिक्षकांना पुढे नक्की अडवतो. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. जे पैसे न देता पाहता येते ते मोफत. जे स्वतःजवळ ठेवता येते, वापरता येते, बदलता येते, दुसऱ्या साहित्यात मिसळता येते आणि पुन्हा वाटता येते ते मुक्त. युनेस्कोने २००२ साली भरवलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा पुढे आली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्याविषयीची शिफारस स्वीकारली, ती या दुसऱ्या अर्थाने.

मला हा फरक चुकीतून कळला. एका संकेतस्थळावरील भूगोलाचा सुंदर पाठ मी मराठीत आणला, चित्रांतील नावे बदलली, दोन परिच्छेद गाळले आणि तो इतर शिक्षकांसाठी खुला केला. महिन्याभराने मूळ निर्मात्यांचे सौम्य शब्दांत पत्र आले की, वाटायला आमची हरकत नाही, पण आमच्या परवान्यात बदल करून वाटण्याची मुभा नाही. पाठाच्या तळाशी ‘सीसी बाय-एनडी’ ही अक्षरे पहिल्या दिवसापासून होती. मी ती सजावट समजून सोडून दिली होती. जवळजवळ दोन आठवड्यांचे काम उतरवून घ्यावे लागले.

तेव्हापासून मी आधी तळाची अक्षरे वाचते. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे परवाने २००२च्या डिसेंबरात आले आणि त्यांची भाषा चार तुकड्यांची आहे. ‘बाय’ म्हणजे निर्मात्याचे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही बदल करून जे वाटाल तेही याच परवान्याखाली वाटा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेले रूप वाटू नका, आणि भाषांतर हाही बदलच समजला जातो. मराठीत साहित्य आणू पाहणाऱ्यासाठी या चौघांपैकी शेवटचा तुकडा निर्णायक आहे. विकिपीडिया ‘बाय-एसए’ आहे आणि एमआयटीचे साहित्य ‘बाय-एनसी-एसए’ आहे, म्हणजे दोन्हींचे भाषांतर करता येते, परंतु एमआयटीच्या साहित्याचे पुस्तक छापून विकता येत नाही. ओपनस्टॅक्सच्या पाठ्यपुस्तकांचा परवाना पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो, तो त्या त्या पुस्तकापुरता पाहावा.

कर्णरेषा

अर्धविराम यांचे म्हणणे कायद्याने बिनचूक आहे, पण वर्गात एक चित्र दाखवण्याआधी शिक्षकाने परवान्याची चार अक्षरे सोडवत बसावे, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. आधीच वेळ नसतो. अशा सूचनांमुळे जो शिक्षक काहीतरी नवे करू पाहतो, तो घाबरून पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळेल.

अर्धविराम

कर्णरेषा सर, वर्गात दाखवण्यासाठी दुवा उघडला तर प्रश्न सहसा येतच नाही. मी बोलत आहे ते बदलून पुन्हा प्रसिद्ध करण्याविषयी. आणि वेळेचेच म्हणाल, तर विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना आणि श्रेयाची तयार ओळ मिळते. ती उतरवून घ्यायला फारच थोडा वेळ लागतो. दोन आठवड्यांचे काम वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

गृहपाठ_उद्या

मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे आणि या धाग्यावर बहुधा एकटाच, म्हणून ज्या बाजूला दुवे पाठवले जातात त्या बाजूने लिहितो. आम्ही दुवे उघडत नाही असे नाही. आम्ही व्हिडिओ पाहतो, दीडपट वेगाने पाहतो, आणि पाहून झाल्यावर खरोखर समजले असे वाटते. अडचण त्या वाटण्यात आहे.

याविषयी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितला होता. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तोच पुन्हा वाचला आणि काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांना स्पष्टपणे अधिक आठवत होते. मला त्यातला पहिला निकाल अधिक बोचला, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही जे करतो ते त्या पाच मिनिटांपुरते खरोखरच उपयोगी पडते आणि म्हणूनच आम्ही ते सोडत नाही.

त्यामुळे माझे एक साधन सांगायचे तर ‘अँकी’. हे प्रश्नपत्त्यांचे सॉफ्टवेअर आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत, आयफोनवर मात्र विकत. पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आले की तो पत्ता पुढच्या वेळी अधिक दिवसांनी येतो आणि चुकले की लवकर येतो. पहिल्या वर्षी मी इतरांनी बनवलेले तयार संच उतरवून घेतले आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे हजारभर पत्ते साठले. दोन आठवड्यांत रोजचे थकलेले पत्ते इतके झाले की ते उघडायचीच भीती वाटू लागली. आता मी व्हिडिओ संपल्यावर तो बंद करतो, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो आणि जे आठवले नाही त्याचेच पत्ते बनवतो. एका व्हिडिओचे तीन, फार तर पाच. शिक्षकांना विनंती आहे की दुवा पाठवताना त्याबरोबर एक प्रश्नही पाठवावा, ज्याचे उत्तर व्हिडिओ न पाहता देता येणार नाही. आणि शक्य असेल तर वीस मिनिटांपैकी कोणती चार मिनिटे पाहायची हेही लिहावे.

दुर्बीण

गृहपाठ_उद्या यांनी शेवटी केलेल्या विनंतीला मी अनुमोदन देतो. ज्या साधनात पाहणे आणि करणे वेगळे काढताच येत नाही, असे एक साधन सांगतो. ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प जुलै २००७ मध्ये सुरू झाला. स्लोन आकाश सर्वेक्षणातील सुमारे दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रे होती आणि त्यांचे आकार ओळखायला माणसे पुरत नव्हती, म्हणून ती छायाचित्रे लोकांपुढे ठेवली गेली : ही दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार, सर्पिल असल्यास भुजा कोणत्या दिशेने वळतात, एवढेच सांगायचे. पहिल्याच वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी मिळून पाच कोटींहून जास्त नोंदी केल्या. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला आणि तिने ‘हे काय आहे?’ असे विचारले. तो प्रचंड वायुमेघ निघाला, शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील आता मंदावलेल्या क्वेसारच्या, म्हणजे अतितेजस्वी केंद्राच्या, प्रकाशाने उजळलेला. आज तो ‘हॅनीज व्होरवेर्प’ या नावाने ओळखला जातो. डच भाषेत व्होरवेर्प म्हणजे नुसती ‘वस्तू’.

ही गोष्ट सांगितली की विद्यार्थी हौसेने बसतात, परंतु वर्गात मी अधिक वेळ देतो तो दुसऱ्याच गोष्टीला. त्या नोंदींमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने वळणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वाला डावे-उजवे असते की काय? संशोधकांनी काही छायाचित्रे आरशातील प्रतिमेसारखी उलटवून लोकांना पुन्हा दाखवली. छायाचित्रे उलटली तर आधिक्यही उलटायला हवे होते, पण लोक पुन्हा घड्याळाच्या उलट दिशेकडेच झुकले. झुकाव आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता. मी विद्यार्थ्यांना आधी फक्त पहिला निष्कर्ष सांगतो आणि ‘हे तपासायचे कसे?’ यावर पूर्ण तासिका सोडून देतो. एका तुकडीत आरशाची कल्पना विद्यार्थ्यांनाच सुचली, त्या दिवशी उरलेला पाठ मी शिकवला नाही.

हा प्रकल्प पुढे ‘झूनिव्हर्स’ या मोठ्या मंचाचा भाग झाला. तेथे प्राण्यांची छायाचित्रे ओळखण्यापासून जुनी हस्तलिखिते उतरवून काढण्यापर्यंत अनेक कामे असतात. भाषा आणि इतिहासाच्या शिक्षकांनी हस्तलिखितांचे प्रकल्प अवश्य पाहावेत.

वात_समई

वरील बहुतेक साधने इंटरनेटची जोडणी चांगली असेल तरच चालतात, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे जोडणी अगदी ऐनवेळी जाते. ‘किविक्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यावर उपाय आहे : संपूर्ण संकेतस्थळ एका ‘झिम’ फाइलमध्ये बांधलेले असते, ती एकदा उतरवून घेतली की पुढे इंटरनेट लागत नाही. विकिपीडिया, विकिस्रोत, गुटेनबर्गची पुस्तके आणि फेटची सिम्युलेशनही या रूपात मिळतात. चित्रांसह पूर्ण इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या पुढे जातो, परंतु निवडक विषयांचे आणि लहान भाषांचे संच साध्या पेनड्राइव्हवर मावतात. मी सुरुवातीला सगळेच उतरवण्याचा हट्ट धरला, रात्रभर चाललेले काम पहाटे तुटले आणि शिवाय आमच्या जुन्या पेनड्राइव्हच्या मांडणीत ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नव्हती. तो पेनड्राइव्ह आधी नव्या पद्धतीने फॉरमॅट करावा लागला. कोणी हे करणार असेल, तर लहान संचापासून सुरुवात करावी.

उतरवून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या, संकेतस्थळांवर हलती चित्रे चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा आधार बंद झाला आणि माझ्या वहीतील कितीतरी उत्तम सिम्युलेशन एका रात्रीत करड्या चौकोनांत बदलली. फेटने आपली बरीचशी सिम्युलेशन नव्या तंत्रात आणली, पण लहान प्रकल्पांना तेवढे बळ नव्हते. बंद पडलेली पाने इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये कधीकधी सापडतात, मजकूर बहुधा मिळतो, हलणारे काही असेल तर नशिबाचा भाग.

खडूफळा (धागालेखिका)

सर्वांचे आभार. दोन गोष्टी मी लगेच उचलते : किविक्सचा लहान संच, आणि दुव्याबरोबर एक प्रश्न.

एक अडचण मात्र शिल्लक आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये ठिपके बॅटरीच्या ऋण टोकाकडून निघतात आणि आमच्या पुस्तकात धारेचा बाण धन टोकाकडून निघतो. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी येथे अडखळतात आणि पुस्तक चूक की संगणक चूक, असा वाद रंगतो. हे कोणी कसे हाताळते?

दुर्बीण

मॅडम, उजवीकडील पट्टीत धारा दाखवण्याच्या पर्यायाखाली दोन निवडी आहेत : एक इलेक्ट्रॉनची, दुसरी रूढ धारेची, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या बाणाची. दुसरी निवडली की ठिपक्यांच्या जागी उलट दिशेने जाणारे बाण येतात, अ‍ॅमीटरचा आकडा मात्र जागचा हलत नाही. मी विद्यार्थ्यांना आधी त्या आकड्याचे काय होईल हे लिहायला लावतो आणि मगच ती निवड बदलू देतो. खोडरबरावरील बंदीची कल्पना आता तुमच्याकडून घेतो.